मिसळ सकाळी, भाकरी रात्री: नाशिकच्या तीन दिवसांचा खाण्याचा बेत

प्रश्न: आम्ही जानेवारीत ठाण्याहून गाडीने नाशिकला येतोय. शनिवारी पहाटे निघून सोमवारी रात्री परत. शनिवारी नाशिक, रविवारी सप्तशृंगी गड, सोमवारी त्र्यंबकेश्वर असं ठरवलंय. सोबत यजमान, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय ६८, मधुमेहाची गोळी चालू, पूर्ण शाकाहारी, सोमवारचा उपवास. आम्ही बाकीचे सगळं खातो. मागच्या सहलीत पहिल्याच सकाळी प्रत्येकाने एकेक मिसळ आणि वर जिलेबी खाल्ली. दुपारी सगळे आडवे, आणि धाकट्याचं पोट पुढचे दोन दिवस बिघडलेलं. या वेळी जास्तीत जास्त पदार्थ चाखायचेत, पण कोणी आजारी न पडता. कुठे, काय, किती खावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर:

ताई, आधी दिवसांची अदलाबदल करा. त्र्यंबक शनिवारी उरका आणि सोमवार नाशिक शहरासाठी ठेवा. सोमवारी त्र्यंबकला दर्शनाची रांग लांब असते. गोळी चालू असलेल्या आणि त्यात उपवास असलेल्या बाईंना त्या रांगेत तासन् तास उभं करणं बरोबर नाही. शिवाय सोमवारी तुम्ही शहरात असलात तर सासूबाईंच्या उपवासाला नाशिकचा साबुदाणा वडा मिळतो, आणि चिवडा, द्राक्षं वगैरे घरी न्यायच्या वस्तू शेवटच्या दिवशी घेता येतात, गाडीत तीन दिवस फिरवाव्या लागत नाहीत.

आता खाण्याबद्दल. प्रसिद्ध ठिकाणांची यादी घेऊन एकेक नाव उरकत गेलात की मागच्या वेळेसारखंच होईल. प्रत्येक पदार्थाची एक वेळ असते. त्या वेळी तो कढईतून किंवा चुलीवरून ताजा उतरत असतो आणि गिऱ्हाईक भराभर येत असल्याने शिळा व्हायला सवडच मिळत नाही. मिसळ सकाळी आठ ते अकरा, वडापावासारखी तळण दुपारी चारनंतर, भाकरी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा रात्री. वेळ चुकली की तेच दुकान, तोच आचारी, पण ताटात येतं ते तीनदा उकळलेलं आणि दोनदा पाणी घातलेलं. म्हणून दिवसाला एक मोठं खाणं आणि दोन छोट्या चाखण्या, एवढाच हिशोब धरा. चाखणं म्हणजे पाच जणांत एक प्लेट, फार तर दोन.

शनिवारी पहाटे सहाला निघा. निघताना पोटात एकेक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू पुरे, सासूबाईंना लाडवाऐवजी पोळीचा एखादा रोल. जुन्या महामार्गाने येणार असाल तर कसारा घाटाच्या आधी वडापाव घेऊ नका. तेलकट पदार्थ पोटात बराच वेळ राहतो आणि वळणांवर मुलांना मळमळतं. घाट चढून इगतपुरीला आलात की चहा घ्या. समृद्धी महामार्गाने आलात तर आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा टप्पा घाट टाळून नेतो (तो ५ जून २०२५ रोजी सुरू झाला), पण त्यावर मनाला येईल तिथे थांबून टपरीवर खायची सोय नाही. पाणी आणि मुलांचा खाऊ हाताशी ठेवा. थांबे धरून साडेतीन तास पकडलेत तर साडेनऊच्या सुमारास, मिसळीच्या ऐन वेळेला नाशकात असाल.

मिसळ त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला खा, म्हणजे गाव ओलांडून उलटं यावं लागणार नाही. सातपूरची शामसुंदर आणि बारदान फाट्याकडची चुलीवरची साधना या दोन्ही त्या अंगाला आहेत. साधनासारख्या मळ्यातल्या ठिकाणी मुलांना मोकळी जागा मिळते, पण शनिवार-रविवारी दहानंतर नाव लिहून थांबावं लागतं. गावात थांबलात तर पंचवटी कारंजाजवळची अंबिका काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी ओळखली जाते, आणि जुन्या नाशकात भगवंतराव आहे. अशा बाबतीत नाशिककरांची मतं कट्टर असतात. आम्ही एवढंच सांगू की पहिल्यांदा येणाऱ्याने काळ्या रश्श्याची एक तरी खावी, कारण भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा यांचा खमंगपणा लाल तर्रीच्या मिसळीत तितका लागत नाही.

पाच जणांसाठी तीन मिसळ सांगा, एक जास्तीचं दही, आणि पाव दोन-दोन करून मागवा. पाव ताटात गार झाला की चिवट होतो. ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी विचारा: रस्सा पुन्हा मिळतो का, आणि एक प्लेट दोघांत चालते का. बऱ्याच ठिकाणी रस्सा हवा तेवढा असतो, पण तो प्लेटमागे असतो. एका प्लेटवर दोघे बसले तर काही ठिकाणी जादा पैसे लावतात. आधी विचारलंत की पैसे देताना वाद होत नाही.

वाटी आली की सगळं लगेच कालवू नका. आधी नुसता रस्सा चमचाभर चाखा. खोबरं करपलं असेल तर जिभेच्या मागे कडवट चव राहते. रस्सा पुन्हा पुन्हा पाणी घालून वाढवला असेल तर वर तेल वेगळं आणि खाली पाणी वेगळं दिसतं, मसाला तळाशी बसतो. मटकी बोटाने दाबली की मऊ लागावी, पण अख्खी दिसावी. पिठूळ झाली असेल तर ती बराच वेळ शिजत पडलेली आहे. फरसाण वेगळं मागून अगदी शेवटी घाला, कारण रश्श्यात दोन मिनिटांत ते मऊ पडतं. आणि घालण्याआधी वास घ्या. जुन्या तेलाचा खवट वास आला तर बाजूला ठेवा. पोट बिघडण्यात या खवट फरसाणाचा वाटा असू शकतो आणि दोष मात्र तिखटावर जातो.

मुलांसाठी ‘तर्री वेगळी द्या’ असं सांगा. मटकीची उसळ, थोडा पातळ रस्सा, दही आणि फरसाण अशी त्यांची वाटी करा. तिखट लागलं की पाणी देऊ नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं. दही किंवा दुधाचे दोन घोट दिले की जळजळ उतरते. सासूबाईंना उसळ चांगली, पाव मात्र एकच. पापड, फरसाण आणि रस्सा तिन्हींत मीठ बरंच असतं. रक्तदाबाचाही त्रास असेल तर पापड मुलांना द्या. मिसळीसोबत काही ठिकाणी जिलेबी येते. ती त्या सकाळी नकोच, जिलेबीला सोमवार ठेवलाय.

त्यानंतर त्र्यंबक. अंतर जेमतेम ३० किलोमीटर आहे, पण शनिवारीही रांग असतेच. सासूबाईंच्या पर्समध्ये भाजलेले चणे, दोन बिस्किटं आणि साखरेच्या पुड्या असू द्या. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारं औषध असेल तर जेवण लांबलं की साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, चिडचिड, गरगरणं ही लक्षणं दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर काहीतरी पोटभरीचं द्यायचं. आणि सोमवारच्या उपवासाला गोळी कशी घ्यायची हे निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ही एक गोष्ट प्रवासात अंदाजाने करायची नाही.

त्या रात्री साधं वरण-भात, ताक. मिसळीनंतर रात्री पुन्हा चमचमीत खाल्लं की दुसऱ्या दिवसाची चव जाते.

रविवारी गडावर जाताना वाटेतलं कुठलं हॉटेल चांगलं, हे तुमचं तुम्हालाच ओळखावं लागेल, म्हणून खुणा नीट सांगतो. ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या थांबतात तिथे गर्दी असते, पण ती खुणेची नव्हे. ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण बहुधा हॉटेलवाल्याकडून असतं, म्हणून बस तिथे थांबते. ट्रकच्या रांगेचंही तसंच, कधी कधी ती फक्त मोकळ्या पार्किंगसाठी असते. त्याच गावची माणसं डबे घेऊन पार्सलला उभी असतील तर निर्धास्त आत जा. फळ्यावर सहा-सात पदार्थ असलेलं हॉटेल, पंजाबी-चायनीज-साउथ इंडियन सगळं एकत्र असलेल्या हॉटेलपेक्षा बरं. चार पदार्थ करणाऱ्याचा माल रोज संपतो, साठ पदार्थांचं वाटण फ्रीजमध्ये राहतं.

आत गेल्यावर कढईकडे पाहा. तेल काळपट आणि घट्ट झालंय, वडा टाकला की बारीक फेस वर येऊन बसतो, धूर लवकर निघतो, तर ते तेल खूप वेळा तापलंय. नियमाप्रमाणे वापरलेल्या तेलात पोलर संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांपेक्षा जास्त गेली की ते टाकून द्यायचं असतं. ते मोजायला तुमच्याकडे साधन नाही, पण फेस आणि वास खोटं बोलत नाहीत. भिंतीवर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला असावा. हात धुवायच्या जागी साबण आहे का पाहा, कारण तिथेच साबण नसेल तर आचाऱ्याकडेही नसतो.

आणि धाकट्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: हिरवी पातळ चटणी, आधीपासून चिरून ठेवलेला कांदा, उघड्यावरचं दही आणि बर्फ हे चार टाळा. वाफाळत आलेल्या रश्श्यातले जंतू उकळीने मरतात. चटणी कच्ची असते, तिच्यात नळाचं पाणी असतं आणि ती सकाळपासून बाहेर असते. लोक तिखट रश्श्याला घाबरतात आणि चटणी मात्र वाटीभर खातात. कांदा हवा असेल तर अख्खा मागून समोर फोडायचा. उसाचा रस प्यायचा तर बिनबर्फाचा, आणि चरकातून पहिला निघालेला ग्लास घेऊ नका. दही मिसळीच्या दुकानात चालेल, तिथे ते संपत असतं. दुपारच्या रिकाम्या हॉटेलात नको.

गडाचा रस्ता दिंडोरी-वणीवरून जातो. दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांचे मळे सुरू होतात. पण जानेवारी हा हंगामाचा तोंडावरचा महिना, सगळी द्राक्षं गोड असतीलच असं नाही, चाखूनच घ्या. वणीपासून सापुताऱ्याकडे वळणाऱ्या वाटेवर या दिवसांत सुरगाण्याची स्ट्रॉबेरी विकायला बसलेली असते. तेवढ्यासाठी वाकडी वाट करू नका, समोर आली तर एक डबा घ्या आणि डबा उलटा करून तळाची फळं बघा, पाणी सुटलेली तिथेच लपवलेली असतात. गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली (दोराने वर ओढला जाणारा रुळांवरचा डबा) आहे, सासूबाईंना पायऱ्या चढवू नका. वर जाण्याआधी पोहे किंवा उपीट, खाली उतरल्यावर हलकं जेवण. दुपारी पोट हलकं ठेवायचं ते रात्रीसाठी.

रविवारची रात्र काळ्या मसाल्याची. नाशिकच्या आसपास चुलीवरचं मटण, गावठी कोंबडी आणि बाजरीची भाकरी मिळणारी ठिकाणं पुष्कळ आहेत. तुमच्या मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाला ‘तुम्ही घरच्या पाहुण्यांना कुठे नेता’ असं विचारा. ‘चांगलं हॉटेल कुठलं’ म्हटलं की तो पर्यटकांचं नाव सांगतो. गावठी कोंबडी हवी असेल तर दुपारीच फोन करून सांगायची. तिचं मांस चिवट, ती शिजायला तास-दीड तास लागतो. सांगितल्यावर पंधरा मिनिटांत ‘गावठी’ ताटात आली तर ती ब्रॉयलर आहे किंवा सकाळची आहे. मटण हंडीने सांगायचं असेल तर तिघांना अर्धा किलो कच्चं वजन पुरतं, भाकरीसोबत. भाकरी एकेक करून गरम मागवा, गार बाजरीची भाकरी लाकडासारखी होते. बरोबर कच्चा कांदा येईल, तो वर सांगितला तसा.

सासूबाईंसाठी शेवभाजी. खानदेशची वाट नाशकापासूनच सुरू होते, त्यामुळे ती इथे जवळजवळ प्रत्येक ढाब्यावर असते. रस्सा आणि शेव वेगवेगळी द्यायला सांगा आणि ताटात बसल्यावर शेव घाला. जाड तिखट शेव तीन-चार मिनिटांत रस्सा पिऊन फुगते, आतच घालून आणलेली म्हणजे लापशी. शेवेत मीठ आणि तेल दोन्ही आहे, म्हणून अर्धी वाटी पुरे, जोडीला पिठलं सांगा. मांसाहारी स्वयंपाक चालणाऱ्या ठिकाणी जाताय, तेव्हा आधीच विचारा की शाकाहारी रस्सा वेगळ्या पातेल्यात असतो का. काही ढाबे एकाच काळ्या रश्श्यातून दोन्ही वाढतात. त्यांनी चाचरत उत्तर दिलं तर सासूबाईंसाठी शुद्ध शाकाहारी भोजनालयातून पार्सल आधीच आणून ठेवा, त्यांना तिथे नुसतं बसवून ठेवू नका.

यजमानांना गंगापूरकडच्या एखाद्या वायनरीत जायचं असेलच, तर गाडी तुम्ही चालवा किंवा त्या दिवशी ड्रायव्हर घ्या. कायद्याने मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे, आणि घोट-घोट चाखताना किती झालं ते कळत नाही.

सोमवारी सकाळी जुन्या नाशकात या. मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा हा भाग चालत फिरायचा, गाडी बाहेर लावा. सासूबाईंसाठी सायंताराचा साबुदाणा वडा. गरम, नुकता उतरलेलाच घ्या. फोडल्यावर आत दाणा पांढरा आणि टणक असेल तर तो नीट भिजलेला नाही, पोटात गच्च बसतो. बोटांना तेल सुटत असेल तर कढई पुरेशी तापलेली नव्हती. उपवास कडक असेल तर त्याच कढईत दुसरं काही तळतात का हे विचारून घ्या. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शिवाय बटाटा, म्हणून साखरेच्या माणसाला एकच वडा, दह्यासोबत, आणि वर शेंगदाणे. उरलेला दिवस राजगिरा, दूध, काकडी यांवर काढता येतो. दोन वडे बाकीच्या चौघांत वाटून घ्या.

नंतर जिलेबी. बुधा हलवाईची जिलेबी गरम असताना उभ्याने खायची गोष्ट आहे. सासूबाई सोडून चौघांना शंभर-दीडशे ग्रॅम बस्स. बांधून घेतलीत तर खोक्याचं झाकण दहा मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर आतल्या वाफेने ती लोळागोळा होते.

दुपारी चारनंतर निघणार असाल तर जाता जाता उलटा वडापाव चाखा. यात बटाट्याची भाजी पावाच्या आत भरतात आणि अख्खा पाव बेसनात बुडवून तळतात. पाव तेल पितो, त्यामुळे तो फार जड. सासूबाईंचा उपवास, म्हणून चौघांत दोन, आणि तेही चार तुकडे करून. घाटापूर्वी मुलांना घास-दोन घासांवर देऊ नका.

चिवडा निघताना घ्या. कोंडाजी आणि माधवजी ही दोन नावं नाशकात पिढ्यांपासून आहेत, दोन्हीकडे चाखायला देतात, आपल्याला आवडेल तो घ्यावा. पाकिटावरची बांधणीची तारीख वाचा. घरी नेल्यावर पाकीट फोडलं की स्टीलच्या डब्यात भरा, नाहीतर ठाण्याच्या दमट हवेत दोन दिवसांत तो सादळतो. सादळलाच तर मंद आचेवर कोरड्या कढईत पाच मिनिटं परतला की पुन्हा कुरकुरीत होतो, कढई गार झाल्याशिवाय मात्र डब्यात भरू नका.

द्राक्षं घेताना घडाचा देठ हिरवा आहे का बघा. तपकिरी, वाळका देठ म्हणजे घड तोडून बरेच दिवस झाले. घड हलकेच हलवला आणि मणी गळले तरी तेच. थॉमसन आणि सोनाका ही हिरवी द्राक्षं किंचित पिवळसर झाली की गोड लागतात, शरद ही काळी. मण्यावरची पांढुरकी लव नैसर्गिक असते, तिला औषध समजून घाबरू नका, पण फवारणी झालेली असतेच, तेव्हा वाहत्या पाण्याखाली चोळून दोनदा धुतल्याशिवाय गाडीत मुलांच्या हातात देऊ नका. पेटी घेताना वरचा थर उचलून खालचा बघायचा आणि वजन समोर करून घ्यायचं, खोक्यासकट नको.

बरोबर ठेवायच्या गोष्टी थोड्या: माणशी दीड लिटर पाणी, साबणाची वडी, दोन-तीन रिकामे डबे, सुट्या नोटा (घाटात नेटवर्क जातं, यूपीआय अडकतं), आणि जलसंजीवनीची (ओआरएस) चार पाकिटं. पाकिटावर एक लिटर लिहिलंय की २०० मिलिलिटर ते वाचूनच पाणी घ्या. कमी पाण्यात कालवलेली जलसंजीवनी लहान मुलाला अपाय करते. पाकीट संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. धाकट्याला जुलाब लागले तर हे प्रत्येक जुलाबानंतर घोट-घोट पाजा आणि जेवण बंद करू नका, मऊ भात, केळं चालतं. जुलाबात रक्त दिसलं, ताप चढला, किंवा मुलाला सहा तास लघवी झाली नाही, तर पुढचा बेत सोडून थेट डॉक्टरकडे न्या.